प्रत्यार्पणाच्या आदेशाआधी त्या घरातल्या मुलांची चौकशी करा

प्रति,
मा. मंत्री, कायदा व न्याय मंत्रालय,
मा. मंत्री, परराष्ट्र मंत्रालय,
आणि महाराष्ट्रातून निवडून गेलेले सर्व मा. खासदार,
नवी दिल्ली.

विषय : पालकाच्या प्रत्यार्पणाचा निर्णय घेताना त्याच्यावर अवलंबून असलेल्या मुलांच्या हिताचा विचार बंधनकारक करण्याबाबत.

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात एका सरकारी कार्यालयाकडून मला चार ओळींचे उत्तर आले. परकीय देशाच्या विनंतीवरून अटकेत असलेल्या माझ्या भावाची दोन अल्पवयीन मुले सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून आहेत, तेव्हा त्याला त्या देशाच्या स्वाधीन करण्याचा निर्णय होण्याआधी मुलांच्या परिस्थितीची कोणीतरी अधिकृत चौकशी करावी, एवढाच माझा अर्ज होता. अर्जातील विषय प्रत्यार्पण अधिनियम, १९६२ च्या कक्षेत येत नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे, असे उत्तरात म्हटले आहे. उत्तरावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही; अधिनियमात जे नाही ते त्याने कुठून द्यावे? दोष अधिनियमाचा आहे, त्याची दुरुस्ती आपल्या हातात आहे, आणि ही अडचण एका घरापुरती नाही. म्हणून हे पत्र आपल्याला आणि उघडपणे लिहिते आहे.

मी नाशिकची. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून काम करून निवृत्त झाले. माझा धाकटा भाऊ काही वर्षे परदेशात नोकरीला होता आणि तिथल्या एका आर्थिक व्यवहारात त्याचा सहभाग होता, असा त्या देशाचा आरोप आहे. व्यवहाराला दहा वर्षे होऊन गेली. त्यानंतर तो कायमचा परत आला, इथे स्थिरावला, त्याची पत्नी आजारपणात गेली आणि तेव्हापासून दोन्ही मुलांचे सगळे तो एकटाच पाहत होता. त्याला अटक झाल्यापासून मुले माझ्याकडे आहेत. मुलगी तेरा वर्षांची आहे, मुलगा आठ वर्षांचा. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे देशाचे नाव, रक्कम, भावाचे म्हणणे यांतले काहीही मी इथे मांडणार नाही.

भावाला सोडून द्या, अशी माझी मागणी नाही. आरोप खरा असेल तर ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्या घरीही मुले असतील, आणि त्यांना न्याय मिळणे माझ्या भाच्यांच्या हिताइतकेच महत्त्वाचे आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की आईला किंवा बापाला हजारो मैल दूरच्या तुरुंगात पाठवण्याच्या आदेशावर सही होण्याआधी, त्या सहीचा सर्वांत मोठा भार ज्यांच्यावर पडणार त्या मुलांचे काय होणार, हा प्रश्न कोणीतरी विचारलेला असावा, त्याचे उत्तर कागदावर असावे आणि ते उत्तर निर्णय घेणाऱ्याने वाचलेले असावे.

आज तसे होत नाही. अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे केंद्र सरकार दंडाधिकाऱ्याला चौकशीचा आदेश देते. कलम ७ प्रमाणे दंडाधिकारी पाहतो ते एवढेच : आरोपात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, गुन्हा प्रत्यार्पणयोग्य आहे का, तो राजकीय स्वरूपाचा आहे का. तथ्य दिसले तर तो त्या व्यक्तीला केंद्र सरकारच्या आदेशाची वाट पाहण्यासाठी तुरुंगात पाठवतो आणि आपला अहवाल सरकारकडे धाडतो. कलम ३१ मध्ये प्रत्यार्पणावरचे निर्बंध दिले आहेत. राजकीय गुन्हा, मुदतबाह्य झालेला खटला, मागितलेल्या गुन्ह्याखेरीज दुसऱ्याच गुन्ह्यासाठी खटला चालण्याची शक्यता, भारतातच चालू असलेला खटला किंवा शिक्षा, आणि तुरुंगात पाठवल्यापासून पंधरा दिवसांची मुदत, असे ते निर्बंध आहेत. मुलांच्या हिताचा विचार करा, असे सांगणारे एकही कलम संपूर्ण अधिनियमात नाही. १९९३ साली या अधिनियमात मोठ्या दुरुस्त्या झाल्या, त्याच्या आदल्याच वर्षी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली होती, तरीही ही उणीव तशीच राहिली.

दोन फटी मात्र आहेत, आणि माझी सगळी आशा त्या दोन फटींवर आहे. एक कलम ७ मध्येच आहे : अटकेतील व्यक्तीला केंद्र सरकारच्या विचारार्थ लेखी निवेदन देता येते आणि दंडाधिकाऱ्याने ते अहवालासोबत पाठवायचे असते. दुसरी कलम २९ मध्ये आहे. प्रकरण क्षुल्लक असेल, विनंती सद्‌भावनेने केलेली नसेल, न्यायाच्या हिताची नसेल, किंवा अन्य कारणाने त्या व्यक्तीला स्वाधीन करणे अन्याय्य किंवा अनुचित ठरत असेल, तर केंद्र सरकार कारवाई केव्हाही थांबवू शकते. ‘अन्याय्य किंवा अनुचित’ या शब्दांत एका मुलाचे उद्‌ध्वस्त होणारे बालपण बसत नाही, असे कोणीही म्हणू शकणार नाही. परंतु ते बसते असेही कुठे लिहिलेले नसल्यामुळे सगळे त्या त्या टेबलावरच्या माणसाच्या विवेकावर सोडलेले आहे.

याउलट आपल्या देशाचे इतर कायदे पाहा. पालक व पाल्य अधिनियम १८९० सालचा, इंग्रजांच्या काळातला. त्याच्या कलम १७ मध्ये पालक नेमताना अल्पवयीनाचे कल्याण पाहायला सांगितले आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ मध्ये अज्ञानाचे कल्याण सर्वोपरी मानले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ तर बालकाच्या सर्वोत्तम हिताच्या तत्त्वावरच उभा आहे. २००६ साली आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कैदी स्त्रियांच्या मुलांसाठी सविस्तर निर्देश दिले. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते, त्याच्या आहाराची, आरोग्याची, शिक्षणाची सोय व्हायला हवी, हे त्यात आले. म्हणजे आई नाशिकरोडच्या तुरुंगात गेली तर तिच्या मुलाचा विचार करायला कायदा तयार आहे. तीच आई दुसऱ्या खंडातल्या तुरुंगात जाणार असेल तर तो गप्प आहे. हे मला कोणत्याही तर्काने पटत नाही.

कौटुंबिक न्यायालयात मी जे काम केले त्यावरून बोलते. मुलाचा ताबा कोणाकडे द्यायचा, इतकेच काय, रविवारी चार तास कोणाकडे पाठवायचे, याचा वाद असला तरी न्यायाधीश आम्हाला गृहभेटीचा अहवाल करायला सांगत. मी घरी जायची. मूल कुठे झोपते, अभ्यासाला कुठे बसते, आजारी पडल्यावर रात्री कोणाला हाक मारते, शेजारच्या काकू त्याला नावाने ओळखतात का, शाळेत डबा कोण देते, हे पाहायची. मुलाशी वेगळे बोलायची, आईबापांच्या कानाआड. अहवाल दोनतीन पानांचा होई, त्याला आठवडा-दोन आठवडे लागत, आणि त्याने कोणताही खटला अडला नाही. चार तासांच्या भेटीसाठी जर एवढे करता येते, तर कित्येक वर्षांच्या ताटातुटीसाठी ते का करता येऊ नये?

आता माझ्या तक्रारी क्रमाने मांडते.

पहिली तक्रार अशी की अटकेच्या क्षणी मुलांचा विचार करणे कोणाचेच काम नव्हते. भावाला सकाळी घरून नेले तेव्हा मुले शाळेत होती. ती कोणाच्या ताब्यात जाणार, असे कोणी विचारले नाही. शेजाऱ्यांनी मला फोन केला म्हणून मी पोहोचले. मी नसते तर? प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आहेत. एकट्या पालकाला अटक करताना त्यांपैकी एकाला कळवण्याची सक्ती असती, तर त्या संध्याकाळी दोन मुलांना शेजारच्या काकांच्या दारात बसावे लागले नसते.

दुसरी, त्यांना त्यांचा बाप कुठे आहे हे सांगण्यात आले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली. तिच्या अनुच्छेद ९ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की शासनाने पालकाला अटक केल्यामुळे, तुरुंगात टाकल्यामुळे किंवा देशाबाहेर पाठवल्यामुळे मूल त्याच्यापासून तुटले असेल, तर पालक कुठे आहे याची माहिती मागितल्यावर मुलाला किंवा कुटुंबाला दिली पाहिजे. भावाला एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलवले तेव्हा ते आम्हाला कळले दुसऱ्या एका बंद्याच्या बायकोकडून. तोवर ई-मुलाकातीसाठी, म्हणजे बंद्याशी व्हिडिओवरून होणाऱ्या भेटीसाठी, आम्ही जुन्याच तुरुंगाच्या नावे नोंदणी करत होतो आणि ती नाकारली जात होती.

ई-मुलाकातीविषयी दोन शब्द लिहिते, कारण कागदोपत्री ती फार मोठी सोय दिसते. पडद्यावर बाप दिसतो, आवाज मागून येतो, मध्येच चित्र थांबते. मुलगा बोलत नाही. तो वह्या आणतो आणि एकेक पान उलटून कॅमेऱ्यासमोर धरतो, गणिताचे, मराठीचे, चित्रकलेचे, आणि वेळ संपेपर्यंत तेच करतो. त्याला दमा आहे. रात्री धाप लागली की स्पेसर लावून औषध कसे द्यायचे, पाठीला उशी कशी लावायची, किती वेळ थांबून दवाखाना गाठायचा, हे सगळे भावाच्या हाताला ठाऊक होते. मी शिकते आहे. भावाला भेटायला दिल्लीला जायचे तर मंगला एक्स्प्रेसने जवळजवळ दिवसभराचा प्रवास, आणि मुलाला सोबत न्यावे तर तिथल्या हिवाळ्यातल्या धुराने त्याचा त्रास वाढतो. तरी दिल्ली आपल्याच देशात आहे. मुलीने एकदा मला विचारले की बाबांना तिकडे नेले तर आपल्याकडे किती वाजलेले असताना तिकडे भेटीची वेळ असेल. मी तिला काय सांगणार? त्या देशाच्या तुरुंगातून भारतात व्हिडिओ भेट मिळते का, याची माहिती मला कोणत्याही कार्यालयात मिळाली नाही.

तिसरी तक्रार कागदपत्रांची आहे आणि ती क्षुल्लक वाटली तरी रोजची आहे. मी त्यांची आत्या आहे, कायद्याने पालक नाही. मुलांची बँकखाती भावाच्या सहीने चालतात. पासपोर्टसाठी पालकाची संमती लागते, म्हणजे उद्या त्याला परदेशी नेले तर त्याला भेटायला जाण्याचा रस्ताही तिथेच अडतो. मला जिल्हा न्यायालयात पालकत्वासाठी अर्ज करावा लागला आणि त्यासाठी लागणारी त्याची प्रतिज्ञापत्रे तुरुंगातून मिळवताना जे झाले ते लिहून मी आपला वेळ घेत नाही. प्रत्यार्पणाच्या चौकशीत पहिल्याच तारखेला ‘तुमच्यावर अवलंबून असलेली मुले आहेत का, त्यांच्यासाठी काय व्यवस्था आहे’ हा एक प्रश्न विचारला गेला असता, तर ही सगळी कामे वेळीच मार्गी लागली असती.

चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर तक्रार ही की मुलांना कोणीही ऐकले नाही. बालहक्क संहितेच्या अनुच्छेद १२ प्रमाणे मुलावर परिणाम करणाऱ्या न्यायालयीन किंवा प्रशासकीय कार्यवाहीत त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळाली पाहिजे, थेट किंवा प्रतिनिधीमार्फत. अनुच्छेद ३ प्रमाणे न्यायालये, प्रशासकीय अधिकारी आणि विधिमंडळे यांच्या मुलांशी संबंधित सर्व कृतींमध्ये बालकाच्या सर्वोत्तम हिताला प्राधान्याने विचारात घ्यायचे असते. प्रत्यार्पण ही मुलांशी संबंधित कृती नाही, ती बापाशी संबंधित आहे, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. ज्या आदेशाने मुलाचे घर मोडते तो आदेश मुलाशी संबंधित नाही, असे म्हणायला फार कठोर मन लागते.

जगाने या प्रश्नाचा विचार केलेला आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २० जून २०१२ रोजी तीन अपिलांचा एकत्रित निकाल दिला. कायद्याच्या वर्तुळात तो ‘एचएच’ खटला म्हणून ओळखला जातो. इटलीने अमली पदार्थांच्या तस्करीत दोषी ठरलेल्या एका जोडप्याला मागितले होते, त्यांना तीन लहान मुले होती. पोलंडने फसवणुकीच्या जुन्या आरोपांवरून पाच मुलांच्या एका आईला मागितले होते. न्यायालयाने इटलीच्या प्रकरणात आईला पाठवण्याचा निर्णय एकमताने आणि बापाला पाठवण्याचा निर्णय बहुमताने कायम केला. बापाच्या बाबतीत न्यायमूर्ती लेडी हेल यांचे मत वेगळे होते. पोलंडच्या प्रकरणात मात्र आईला पाठवू नये असे ठरले, कारण आरोप तुलनेने लहान होते, दरम्यान दहा वर्षांहून अधिक काळ गेला होता आणि धाकट्या मुलांवर होणारा आघात फार मोठा होता.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला तो त्यातल्या समतोलासाठी. प्रत्यार्पणात सार्वजनिक हित नेहमीच वजनदार असते, आरोपीवर खटला चाललाच पाहिजे, दोषीने शिक्षा भोगलीच पाहिजे, देशाने करार पाळलेच पाहिजेत आणि कोणताही देश गुन्हेगारांचा आसरा होता कामा नये, हे लेडी हेल यांनी निःसंदिग्धपणे लिहिले. त्याच बरोबर हेही लिहिले की ते वजन गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार कमीजास्त होते, आणि मध्ये लोटलेला दीर्घ काळ एकीकडे ते वजन घटवतो, तर दुसरीकडे कुटुंबावरचा आघात वाढवतो. तीनपैकी दोघांना पाठवले गेले, एकीला नाही. मुलांचा विचार केला म्हणून प्रत्यार्पणाची दारे बंद पडतात, ही भीती किती निराधार आहे हे यावरून दिसते.

युरोपीय संघाच्या न्यायालयापुढे असाच प्रश्न आला. बेल्जियमला हवी असलेली एक स्त्री इटलीत सापडली. तिच्यासोबत तीन वर्षांच्या आतला मुलगा होता आणि ती गरोदर होती. २१ डिसेंबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की लहान मुलांची आई एवढ्याच कारणाने तिला पाठवण्यास नकार देता येणार नाही. परंतु मागणाऱ्या देशात आईच्या कैदेची परिस्थिती आणि मुलांच्या संगोपनाची व्यवस्था यांविषयी गंभीर त्रुटी असल्याची ठोस कारणे दिसली, तर त्या देशाकडून माहिती मागवावी, आणि मूलभूत हक्कांच्या भंगाचा खरा धोका कायम राहिला तर नकार द्यावा. तो निकाल माझ्या अपेक्षेइतका पुढे जात नाही. पण माहिती मागवा, असे तो म्हणतो, आणि आपल्याकडे अजून तेवढेही नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २००७ साली एका फसवणुकीच्या खटल्यात, तीन मुलांच्या एकट्या आईला शिक्षा ठोठावताना, मूल म्हणजे आईबापांची केवळ पुरवणी नव्हे, त्याला स्वतःची प्रतिष्ठा आहे, असे मानले आणि मुलांचे हित शिक्षा देणाऱ्या न्यायालयाने स्वतः तपासले पाहिजे असा दंडक घालून दिला. तो निकाल न्यायमूर्ती ॲल्बी सॅक्स यांचा आहे. प्रत्यार्पणाचा तो खटला नव्हता, परंतु ‘एचएच’ खटल्यात ब्रिटनच्या न्यायाधीशांनी त्याचा आधार घेतला. आणि संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली तयार केलेल्या नमुना प्रत्यार्पण करारातही वय, प्रकृती किंवा इतर वैयक्तिक परिस्थितीमुळे प्रत्यार्पण मानवतेशी विसंगत ठरत असेल तर नकार देण्याची मुभा आहे.

भारत स्वतः परदेशांकडे माणसे मागतो, तेव्हा तिथली न्यायालये आपल्याला किती बारीक प्रश्न विचारतात ते आपल्या मंत्रालयांना चांगले ठाऊक आहे. विजय मल्ल्या यांच्या प्रकरणात २०१८ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर न्यायालयाने मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातील बारा क्रमांकाच्या बराकीची चित्रफीत मागवली होती. उजेड कुठून येतो, हवा कशी खेळते, हे त्यांना पाहायचे होते. भारताने ती पाठवली. अबू सालेमच्या वेळी पोर्तुगालला आपण आश्वासन दिले की फाशी होणार नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा अधिक कैद होणार नाही. ते आश्वासन पाळणे सरकारवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. म्हणजे अटी घालणे, माहिती मागवणे, शब्द देणे आणि पाळणे, ही सगळी यंत्रणा आपल्या परिचयाची आहे. ती आठ वर्षांच्या मुलासाठी वापरायला काय हरकत आहे?

दोन आक्षेप मला नेहमी ऐकवले जातात, त्यांची उत्तरे देते.

पहिला आक्षेप : मुलांची ढाल करून गुन्हेगार सुटतील. ही शंका रास्त आहे. कौटुंबिक न्यायालयात मी मुलांना पढवून आणणारे आईबाप पाहिले आहेत. म्हणूनच माझा आग्रह आहे की मुलांविषयीची माहिती आरोपीच्या प्रतिज्ञापत्रावर अवलंबून ठेवू नये, ती सरकारच्या स्वतंत्र अधिकाऱ्याने घरी जाऊन गोळा करावी. ज्या माणसाने मुलांकडे वर्षानुवर्षे ढुंकूनही पाहिले नाही आणि अटक झाल्यावर त्याला मुले आठवली, त्याचे पितळ अशा अहवालात पहिल्या पानावर उघडे पडेल.

दुसरा आक्षेप : देशातल्या तुरुंगात गेलेल्या आईबापांची मुलेही दुरावतातच. हो, दुरावतात, आणि त्यांच्यासाठीही बरेच करायचे राहिले आहे. पण येरवड्याला असलेल्या बापाला मुलगा दर महिन्याला एस.टी.ने जाऊन पाहू शकतो, त्याच्याशी मराठीत बोलू शकतो, बापाला संचित रजा (फर्लो) मिळू शकते, घरात कोणी गेले तर अभिवचन रजा (पॅरोल) मिळू शकते. परदेशी तुरुंगात यांपैकी काहीच उरत नाही. शिवाय प्रत्यार्पण होणारा बाप अनेकदा अजून दोषी ठरलेलाही नसतो. खटला सुरू होण्याआधीच वर्ष-दोन वर्षे जातात, आणि तेवढ्या काळात आठ वर्षांचे मूल दहा वर्षांचे होते.

स्वाधीन करायला नकार दिला म्हणजे गुन्हा पोटात घातला, असेही नाही. अधिनियमाच्या कलम ३४-अ प्रमाणे एखाद्याला स्वाधीन करता येत नाही असे केंद्र सरकारचे मत झाले, तर त्याच्यावर भारतातच खटला चालवता येतो. दोषी ठरून परदेशात शिक्षा झाली, तर बंद्यांचे स्वदेशी प्रत्यावर्तन अधिनियम, २००३ प्रमाणे उरलेली शिक्षा मायदेशी भोगता येते. त्यासाठी अनेक देशांशी आपले करार आहेत. युरोपात तर नागरिकाला खटल्यासाठी पाठवतानाच, शिक्षा झाल्यास ती भोगण्यासाठी परत पाठवा, अशी अट घालता येते. अशी अट आपण का घालत नाही?

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. कलम ३६ खालील नियम करण्याच्या अधिकारात केंद्र सरकारने नियम करून, प्रत्यार्पणाच्या चौकशीच्या पहिल्या तारखेलाच त्या व्यक्तीवर अवलंबून असलेल्या मुलांची नोंद घेणे बंधनकारक करावे. यासाठी संसदेत कायदा दुरुस्त होण्याची वाट पाहण्याची गरज नाही.

२. अशी मुले असतील तर ती राहत असलेल्या जिल्ह्यातील परिविक्षा अधिकाऱ्याकडून किंवा बाल संरक्षण कक्षाकडून सामाजिक चौकशी अहवाल मागवावा. त्यात मुलाचे वय, आरोग्य, शिक्षण, त्याची काळजी प्रत्यक्षात कोण घेते, पालक गेल्यास कोण घेईल आणि मुलाचे स्वतःचे म्हणणे काय आहे, हे असावे. अहवाल चार आठवड्यांत द्यावा, म्हणजे कार्यवाही लांबण्याची सबब कोणालाच उरणार नाही. तो दंडाधिकाऱ्याच्या अहवालासोबत केंद्र सरकारकडे जावा.

३. कलम २९ खालील अधिकार वापरताना बालकाच्या सर्वोत्तम हिताचा विचार केला आहे आणि तो गुन्ह्याचे गांभीर्य, लोटलेला काळ व कराराचे दायित्व यांच्याशी ताडून पाहिला आहे, हे आदेशात कारणांसह लिहावे. विचार करूनही प्रत्यार्पणाचाच निर्णय झाला तर तो मुलांना मोठेपणी वाचता येईल अशा स्वरूपात त्यांना सांभाळणाऱ्याकडे द्यावा.

४. स्वाधीन करताना मागणाऱ्या देशाकडून नियमित व्हिडिओ भेटीचे, तुरुंग बदलल्यास कुटुंबाला कळवण्याचे, आणि भारतीय नागरिक दोषी ठरल्यास त्याला शिक्षा भोगण्यासाठी परत पाठवण्याच्या अर्जाचा तातडीने विचार करण्याचे लेखी आश्वासन घ्यावे. तिथल्या भारतीय वकिलातीत त्याचा पाठपुरावा करणारा एक अधिकारी नेमलेला असावा आणि त्याचा फोन क्रमांक मुलांना सांभाळणाऱ्याकडे असावा.

५. एकट्या पालकाला प्रत्यार्पणासाठी अटक करताना त्याच दिवशी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला कळवावे.

६. पुढच्या अधिवेशनात प्रत्यार्पण अधिनियमात दुरुस्ती करून हे सर्व कायद्याच्या मजकुरातच आणावे, आणि यापुढे होणाऱ्या प्रत्येक प्रत्यार्पण करारात मानवतेच्या कारणाने नकार देण्याची तरतूद असावी.

महाराष्ट्रातील खासदारांना माझी वेगळी विनंती आहे. आखाती देशांत, युरोपात, अमेरिकेत नोकरी करून परत आलेली माणसे आज आपल्या जवळजवळ प्रत्येक शहरात आहेत. चाळीसहून अधिक देशांशी आपले प्रत्यार्पण करार आहेत. उद्या आपल्या मतदारसंघातल्या एखाद्या घरी पहाटे पोलीस आले, तर त्या घरातल्या मुलांसाठी नियम आधीच तयार असावेत. आपल्यापैकी एकाने जरी तारांकित प्रश्न विचारला, की गेल्या दहा वर्षांत प्रत्यार्पित केलेल्या किती व्यक्तींना अल्पवयीन मुले होती आणि किती प्रकरणांत त्यांची चौकशी झाली, तर सरकारला निदान ही माहिती गोळा तरी करावी लागेल.

या पत्राची प्रत राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाला आणि महाराष्ट्र राज्याच्या आयोगाला पाठवत आहे. भावाच्या प्रकरणात सरकारचा आदेश अजून झालेला नाही. तो होण्याआधी माझ्या घरी एक अधिकारी पाठवून दोन्ही मुलांशी बोलावे, ही माझी तातडीची विनंती आहे. मुले दुपारी दोननंतर घरी असतात. मागणी क्रमांक १ आणि २ बाबत मंत्रालयाने काय ठरवले, ते मला लेखी कळवावे.

आपली,
दोन मुलांची आत्या व निवृत्त समुपदेशक,
नाशिक